घरी कोण असतं, असं सिस्टर का विचारतात?

मागच्या अंकात मी हॉस्पिटलमधल्या सोशल वर्करच्या कामाबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. मी बावीस वर्षं वॉर्डात आणि ओपीडीत हेच काम केलंय. पत्रांतली नावगावं काढून टाकली आहेत, मजकूर थोडा छाटलाय, बाकी तसाच.

प्रश्न : आईला पायावर सूज आणि धाप म्हणून ॲडमिट केलं होतं. दुसऱ्या दिवशी एक सिस्टर फॉर्म घेऊन आल्या आणि विचारायला लागल्या की घरी कोण असतं, वर्षभरात कधी जेवण पुरेल की नाही अशी काळजी वाटली का, भाडं थकलंय का, लाईट तोडलीय का. मग मला म्हणाल्या तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबा. मला फार लागलं ते. आम्ही काय भिकारी दिसतो का? आणि मी मुलगा असून मला बाहेर का?

दादा, तुम्हाला लागलं ते साहजिक आहे, कारण कुणी तुम्हाला आधी सांगितलंच नाही की हे प्रश्न सगळ्यांना विचारतात. एक वाक्य आधी बोललं असतं ना, की "आजोबा असोत आजी असोत, गाडीतून आलेला असो चालत आलेला असो, आम्ही प्रत्येकाला हे विचारतो", तर तुमचा निम्मा राग तिथेच निवळला असता. चूक त्यांची आहे, प्रश्नांची नाही.

आणि सगळ्यांना विचारायचं कारण असं, की चेहऱ्यावरून काही कळत नाही. मी स्वतः कित्येकदा फसलेय. इस्त्रीचे कपडे घातलेला माणूस तीन महिन्यांपासून मित्राच्या ऑफिसात झोपत होता आणि आम्ही त्याला डिस्चार्ज कार्डावर "घरी पूर्ण विश्रांती" लिहून दिलं होतं, कसली विश्रांती आणि कुठलं घर.

आता आईच्या आजाराशी याचा काय संबंध, ते एका पेशंटवरून सांगते. एक आजोबा होते, हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय कमजोर झालेलं, आठ महिन्यांत तिसऱ्यांदा ॲडमिट. दर वेळी अंगात पाणी भरलेलं, पाय असे की बोट दाबलं तर खड्डा राहायचा. दर वेळी डॉक्टर पाण्याची गोळी, म्हणजे लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी, वाढवून द्यायचे. केसपेपरवर लिहिलेलं, "पेशंट औषध नीट घेत नाही." मी शेजारी स्टूल ओढून बसले आणि विचारलं, आजोबा, गोळी घेतली की काय होतं? म्हणाले, "दर अर्ध्या तासाला जावं लागतं, संडास खाली आहे, सगळ्यांचा मिळून एक, दोन जिने उतरायचे, गुडघे साथ देत नाहीत आणि एकदा वाटेतच झालं, सुनेनं पुसलं, त्या दिवसापासून गोळी बंद." एवढंच होतं ते. पलंगाजवळ ठेवायची कमोडची खुर्ची मिळवून दिली, गोळीची वेळ सून घरी असते तेव्हाची करून घेतली. डोस वाढवायची गरजच पडली नाही.

हे काही आजचं खूळ नाही. 1905 साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांना नेमकं हेच खटकत होतं, की आपण औषध लिहून देतो पण पेशंट ज्या घरात परत जातो त्या घराचं आपल्याला काहीच माहीत नाही. त्यांनी गार्नेट पेल्टन नावाच्या नर्सला या कामासाठी नेमलं, पेल्टन यांना लवकरच काम सोडावं लागलं आणि मग आयडा कॅनन यांनी ते हातात घेतलं आणि पुढे अनेक वर्षं उभं केलं. सुरुवातीला हॉस्पिटल यांना पगारसुद्धा देत नव्हतं.

राहिला तुम्हाला बाहेर थांबवण्याचा प्रश्न. फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, घरात कुणी मारतं का, धमकावतं का, घाबरवतं का. हा प्रश्न एकट्यातच विचारायचा, नवऱ्यासमोर नाही, मुलासमोर नाही, सुनेसमोर नाही, मुलीसमोरसुद्धा नाही, कारण घाबरवणारा माणूस बहुतेक वेळा पेशंटच्या शेजारीच उभा असतो आणि तो अगदी काळजीवाहू दिसतो. तो तुम्ही नाही आहात हे तुम्हाला माहितीय, सिस्टरला माहीत नसतं. दहा चांगल्या मुलांना पाच मिनिटं बाहेर थांबवल्याशिवाय त्या एका आईला बोलताच येत नाही. तेवढी पाच मिनिटं तिच्यासाठी द्या.

प्रश्न : ताई, मी डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा. मला विचारलं होतं, यायला जायला अडचण आहे का, मी नाही म्हणून सांगितलं. काउंटरवर विचारलं, मागे रांग, ओळखीची एक बाई पण होती. खरं तर मुलाची नोकरी गेल्यापासून येण्याजाण्याचे पैसे जमत नाहीत, मागच्या महिन्यात दोन वेळा गेले नाही, सांगितलं बरं नव्हतं म्हणून. आता खोटं बोलले ते कसं फिरवू?

अहो, ते खोटं नाही. काउंटरवर रांगेसमोर घरची अडचण कोण सांगेल? मी पण नाही सांगणार. अशा ठिकाणी हा प्रश्न विचारला की "नाही" हेच उत्तर येणार आणि मग रिपोर्टमध्ये दिसतं की आमच्याकडे कुणालाच अडचण नाही.

पण आता उशीर करू नका, कारण डायलिसिस चुकवणं म्हणजे एखादी गोळी चुकवण्यासारखं नाही. मशीन जे पाणी आणि पोटॅशियम काढतं ते अंगातच राहतं, पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि हे कधी कधी काहीही न जाणवता होतं. तुमच्या डॉक्टरांना वाटतंय की तुम्ही आजारी पडलात किंवा कंटाळलात. त्यांना खरं कारण माहीत असणं हे रक्ताच्या रिपोर्टइतकंच महत्त्वाचं आहे.

पुढच्या वेळी मशीन लावल्यावर तिथल्या सिस्टरना हळूच सांगा, "मला सोशल वर्करशी बोलायचंय, इथे सगळ्यांसमोर नाही." एवढं वाक्य पुरे. भेटल्यावर सरळ सांगा की आधी नाही म्हणाले होते पण दोन वेळा पैसे नसल्यामुळेच चुकलं. कुणी ओरडणार नाही. मग काय मागायचं तेही ठरवून जा. घराजवळच्या सेंटरला बदली होते का, त्याच भागातून येणाऱ्या दुसऱ्या पेशंटबरोबर एकच शिफ्ट मिळते का म्हणजे गाडी वाटून घेता येईल, प्रवासाला मदत करणारी एखादी योजना किंवा ट्रस्ट आहे का. शिफ्ट बदलणं तर बिनखर्चाचं काम आहे, फक्त कुणीतरी कुणालातरी विचारावं लागतं.

आणि हे लिहिताना हॉस्पिटलवाल्यांनाही सांगते, एकदा फॉर्म भरला म्हणजे वर्षभराची माहिती मिळाली असं धरू नका. या ताईंच्या घरी आधी खरंच अडचण नव्हती, मुलाची नोकरी गेली तेव्हा सुरू झाली. ज्यांचे उपचार महिनोन्‌महिने चालतात त्यांना अधूनमधून परत विचारायलाच हवं.

प्रश्न : मी ज्युनियर डॉक्टर आहे. ओपीडीत एका पेशंटला जेमतेम चार-पाच मिनिटं मिळतात. आता वरून सांगितलंय की सामाजिक गरजांचा फॉर्म पण भरा. मॅडम, खरं सांगू का, मला भीती वाटते विचारायची. समजा म्हणाला घरात खायला नाही, तर मी काय करू? माझ्याकडे द्यायला काहीच नाही. मग उगाच जखम का उघडायची?

डॉक्टर, तुमच्या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ बसले होते. तुमची भीती चुकीची नाहीये. मदतीची काहीच सोय नसताना नुसतं विचारत सुटणं पेशंटवर अन्याय आहे. त्याने एकदा धीर करून सांगितलं आणि काहीच झालं नाही तर तो पुढच्या वेळी तुम्हालाच काय, कुणालाच सांगणार नाही.

पण तुम्ही एक गोष्ट गृहीत धरताय, की विचारलं म्हणजे ती अडचण तुम्हीच सोडवायची. तसं नाहीये. 2019 साली अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमीजनी, म्हणजे तिथे विज्ञान आणि आरोग्यावर सल्ला देणाऱ्या संस्थांनी, यावर मोठा रिपोर्ट काढला होता, त्यात एक फरक फार छान मांडलाय. एक काम म्हणजे अडचण कळल्यावर आपला उपचार तिच्याप्रमाणे बदलणं, आणि दुसरं काम म्हणजे प्रत्यक्ष मदत मिळवून देणं. दुसरं तुमच्या हातात नसेल, पहिलं शंभर टक्के तुमच्याच हातात आहे. एक बाई होत्या, इन्सुलिन चालू, साखर चारशेच्या खाली येईना, तीनदा डोस वाढवला. शेवटी विचारलं इन्सुलिन ठेवता कुठे, तर बिल न भरल्यामुळे लाईट तोडलेली, फ्रिज बंद, पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर बाटली खिडकीत. ते औषध केव्हाच खराब झालं होतं. डॉक्टरांनी लाईट जोडून द्यायची नव्हती, फक्त वाढवलेला डोस मागे घेऊन नवी बाटली द्यायची होती आणि पुढचा साठा थंड ठिकाणी राहील असं बघायचं होतं, आम्ही तो क्लिनिकच्या फ्रिजमध्ये नाव लिहून ठेवायला सुरुवात केली. आणि त्या बाईंनी तोच वाढवलेला डोस चांगल्या इन्सुलिनचा घेतला असता तर साखर धाडकन खाली गेली असती, हे तर तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. जो खायला नाही म्हणतो त्याला रिकाम्या पोटी चालणारी कुठली गोळी आणि न चालणारी कुठली, हे ठरवणं पण तुमचंच काम, त्याला फॉर्म लागत नाही, एक प्रश्न लागतो.

आता या सगळ्याचा उपयोग होतो का, तर उत्तर सरळ नाहीये आणि मी ते सरळ करून सांगणार नाही. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडमधल्या मुलांच्या दवाखान्यांत एक ट्रायल झाली, 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्या कुटुंबांना मदतीच्या ठिकाणांचा छापील कागद दिला, अर्ध्यांना एक माणूस दिला जो सोबत बसून, फोन करून, पाठपुरावा करायचा. चार महिन्यांनी माणूस मिळालेल्या कुटुंबांच्या अडचणी जास्त कमी झाल्या होत्या आणि मुलांची तब्येतही जास्त सुधारलीय असं आईवडिलांनी सांगितलं. उलट बाजूला कॅमडनमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्याच न्यू जर्सीत, वारंवार ॲडमिट होणाऱ्या 800 पेशंटवर ट्रायल झाली, निकाल 2020 मध्ये आला, अर्ध्यांना डिस्चार्जनंतर घरी जाणारी, सोबत फिरणारी टीम दिली, अर्ध्यांना नाही, आणि सहा महिन्यांत परत ॲडमिट होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच, 62 टक्क्यांच्या आसपास. सोबत माणूस होता पण ज्या दारात तो घेऊन जाणार त्या दाराआड घरं नव्हती, व्यसनमुक्तीच्या जागा पुरेशा नव्हत्या, असा मी तरी त्याचा अर्थ लावते. जिथे खरोखर वस्तू हातात दिली तिथे काय होतं तेही बघा. झारखंडमध्ये टीबीच्या पेशंटच्या घरच्यांना दर महिन्याला रेशन दिलं, 2023 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले, घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी. औषध नाही, लस नाही, धान्य.

यावरून मला अमेरिकेतले डॉ. जॅक गायगर आठवतात. 1960 च्या दशकात मिसिसिपीतल्या माउंड बायू इथे त्यांच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर कुपोषित मुलांसाठी चिठ्ठीवर अन्न लिहून द्यायचे, दुकानदार ते द्यायचा आणि बिल केंद्राच्या औषधांच्या खात्यातून जायचं. सरकारी माणसांनी विचारलं हे काय चाललंय, औषधाचा पैसा औषधाला वापरा, तर गायगर म्हणाले माझ्या पुस्तकात कुपोषणावरचं औषध अन्न असंच लिहिलंय. मुलांच्या दम्याचंही तसंच, बॉस्टनमध्ये 1993 पासून डॉक्टरांनी हॉस्पिटलमध्ये वकील आणून बसवले, कारण पंप कितीही बदलला तरी भिंतीवरची ओल आणि बुरशी घरमालकाने काढल्याशिवाय खोकला थांबत नव्हता, आणि घरमालक डॉक्टरच्या चिठ्ठीला भीक घालत नाही, वकिलाच्या पत्राला घालतो.

म्हणून डॉक्टर, वरिष्ठांना भांडून एकच मागा, फॉर्मच्या मागे उभा राहणारा एक माणूस. इंग्लंडमध्ये 2019 पासून फॅमिली डॉक्टरांच्या क्लिनिकना जोडून लिंक वर्कर, म्हणजे पेशंटला मदतीच्या ठिकाणांशी जोडून देणारी माणसं, नेमायला लागले, डॉक्टर फक्त नाव पुढे पाठवतात आणि तो माणूस निवांत बसून ऐकतो. तुमच्या चार मिनिटांतलं अर्धं मिनिट जाईल, बस.

प्रश्न : हे सगळं ते कॉम्प्युटरमध्ये टाकतात ना? उद्या विमा कंपनी किंवा माझ्या ऑफिसने बघितलं तर?

विचारा त्यांना, थेट विचारा, हे कुठे लिहिणार आणि कोण कोण बघणार. तुमचा हक्क आहे तो. आजारांचे जे आंतरराष्ट्रीय कोड आहेत, आयसीडी-10, त्यात झेड55 ते झेड65 हे कोड याच गोष्टींसाठी आहेत, शिक्षण, नोकरी, घर, कुटुंब, त्यामुळे हो, काही ठिकाणी ते तुमच्या निदानाच्या शेजारी रेकॉर्डला जातं. नको असेल तर तोंडी सांगा आणि लिहू नका म्हणा, किंवा उत्तरच देऊ नका. उत्तर नाही दिलं म्हणून तुमचा उपचार अडता कामा नये. घरातल्या मारहाणीबद्दल सांगत असाल तर ते डिस्चार्ज कार्डावर किंवा घरच्या कुणाच्या हातातल्या मोबाईल ॲपवर दिसणार नाही ना, हे तर दोनदा विचारा.

प्रश्न : आमचं छोटं क्लिनिक आहे. दोन डॉक्टर, मी सिस्टर आणि एक रिसेप्शनिस्ट. सोशल वर्कर नाही, बजेट नाही. आम्ही हे करूच नये का?

करा ना, पण छोटं करा. मोठमोठे फॉर्म बघून घाबरू नका. अमेरिकेत सरकारने 2024 पासून हॉस्पिटलांना पाच गोष्टींची माहिती द्यायला लावली होती, अन्न, घर, प्रवास, वीज-पाणी आणि सुरक्षितता, आणि 2025 मध्ये तो नियम काढूनही टाकला. तुम्ही नियमासाठी करत नाही आहात म्हणून तुम्हाला ते सगळं एकदम नको. तुमच्या भागात जी एक गोष्ट सगळ्यात जास्त अडते ती धरा. अन्नाचं धरलंत तर जगभर वापरलेले दोन प्रश्न आहेत, गेल्या वर्षभरात पैसे यायच्या आधी घरातलं संपेल अशी चिंता वाटली का, आणि आणलेलं पुरलं नाही, परत आणायला पैसे नव्हते असं झालं का. उत्तरं तीनच, नेहमी, कधीकधी, कधीच नाही. दोन्हीपैकी एकाला जरी नेहमी किंवा कधीकधी आलं तरी पुढे बोलायचं.

आणि तिसरा प्रश्न माझा, जो बहुतेक फॉर्मवाले विसरतात, "यात तुम्हाला आमची मदत हवी आहे का?" अडचण असते पण मदत नको असते असे खूप लोक भेटतील, कुणाचा भाऊ बघतोय, कुणाला लाज वाटते, कुणाला आत्ता फक्त पोटदुखी थांबवायची असते. नाही म्हणाले तर बरं म्हणा आणि पुढच्या वेळी परत विचारा. शब्द पण जपून, "तुम्हाला परवडत नाही का" असं नाही, "बऱ्याच घरांत महिनाअखेर ओढाताण होते, तुमच्याकडे कसं असतं" असं.

मदतीच्या ठिकाणांची यादी करताना आधी स्वतः प्रत्येक नंबर लावून बघा. मी सुरुवातीला एका आजींना यादी दिली होती, चांगली टाईप केलेली, वीस नंबर. महिन्याने त्या परत आल्या, कागद पदराच्या गाठीत तसाच, चार घड्या घातलेला. वाचता येत नव्हतं त्यांना आणि मी विचारलंच नव्हतं. मी तिथेच बसून नंबर लावायला लागले तर पहिले तीन बंद, चौथा म्हणाला आम्ही ते काम दोन वर्षांपूर्वीच थांबवलंय. पाचव्या ठिकाणी काम झालं आणि फोनवर मी बोलले म्हणून झालं. तेव्हापासून मी वीस नंबर देत नाही, दोन देते, ओळखीच्या माणसाचे, आणि पहिला फोन पेशंटसमोर मी लावते.

शेवटी एक वही करा. तारीख, पेशंटचा नंबर, काय अडचण, कुणाला फोन केला. आणि उजवीकडे एक रकाना मोकळा ठेवा, "मिळालं का?" पंधरा दिवसांनी फोन करून तो भरायचा. रिसेप्शनिस्टला दुपारी अर्धा तास द्या यासाठी, शक्यतो ठरलेल्या वारी म्हणजे टळत नाही. तो रकाना सारखा रिकामा राहायला लागला तर मला परत पत्र टाका, वहीच्या दोन पानांचा फोटो पाठवा पेशंटचे नंबर झाकून, आपण बसून बघू कुठे अडतंय.